मोंढा कपाचा दुसरा साक्षीदार

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकीचा गळका वॉल्व्ह बघत होतो. फोनवर त्याची मुलगी माया होती. "दत्ताकाका, बाबा गेले... चहा पिता पिता गेले," एवढंच ती बोलू शकली. त्या क्षणी माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते इथं लिहायला लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही. मनात आलं, चला, आता हा विचारणार नाही. रडू नंतर आलं, जिना उतरताना, आणि मग पायरीवर बसूनच राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा दोस्त गेला आणि मला आधी हायसं वाटलं. असल्या माणसानं स्मृतिलेख लिहावा की नाही, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. ते हायसं वाटणं दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही. प्रल्हादनं विचारायचं थांबवलं तरी त्याचा प्रश्न जागच्या जागी होता, आणि त्याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलेला आमच्या बाजूचा एकच माणूस आता जिवंत होता. तो मी.

प्रल्हाद म्हणजे परतूरचे साळवे सर. तालुक्यातल्या शाळांवर त्यांनी उभी हयात काढली, त्यामुळे मास्तर म्हणून त्यांना ओळखणारे शेकड्यांनी आहेत. पण गेली सहा वर्षं हा माणूस मोंढा कपाचा इतिहास लिहीत होता हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आणि मोंढा कप म्हणजे काय हेही आता सांगावं लागतं, कारण आपल्या जालना जिल्ह्यात कधीकाळी फुटबॉल पेटला होता असं म्हटलं की टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेली पोरं तोंडावर हसतात. जालन्याच्या धान्य मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी हौसेनं दोन कानांचा एक मोठा कप करून घेतला होता. तो जिंकण्यासाठी दर हिवाळ्यात परतूर, अंबड, मंठा, भोकरदन असे गावोगावचे क्लब जालन्याच्या मैदानावर यायचे. क्लब म्हणजे तरी काय? अकरा बनियन, एक लेस बांधलेला चेंडू आणि शाळेच्या मास्तरांची मनधरणी करून हवेचा पंप मागून आणणारा एक चिटणीस. आमच्या परतूरच्या बिजली क्लबाचा तो चिटणीस मी होतो. विजेच्या खांबांचा ढीग पडलेल्या मोकळ्या जागेत खेळायचो म्हणून नाव बिजली. खेळ मात्र नावासारखा क्वचितच व्हायचा.

निवृत्त झाल्यावर प्रल्हादनं ह्या कपाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मी त्याला हसलो होतो. कागद तर कुठंच नव्हते. जे काय होतं ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि म्हातारपणी केस गळतात, दात पडतात, पण प्रत्येकाचे गोल मात्र वाढत जातात. अंबडचा एक गडी आम्हाला म्हणाला की एकाच फायनलमध्ये त्यानं सहा गोल मारले. प्रल्हादनं शांतपणे विचारलं, मंग मॅच चार-तीननं कशी सुटली? तेव्हापासून त्यानं एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही. ज्यानं गोल मारला त्याच्या तोंडचा गोल धरायचा नाही. दोन साक्षीदार पाहिजेत, आणि त्यातला एक समोरच्या टीमचा. साक्षीदार मिळाला की त्याला ठरलेले प्रश्न विचारायचे : गोल कुठल्या बाजूचा, ऊन कुणाच्या डोळ्यात होतं, चेंडू कुठल्या पायानं मारला, आणि तुम्ही कुठं उभे होते. शेवटच्या प्रश्नाला भलेभले गडबडायचे. खोटं बोलणाऱ्याला गोल आठवतो, स्वतःची जागा आठवत नाही, असं त्याचं म्हणणं. उत्तरं वहीत उतरवून घ्यायची, खाली सही घ्यायची आणि सही करणाऱ्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं.

मी तेव्हा जालन्यालाच होतो. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या प्लँटमध्ये नोकरी झाली, इथंच घर बांधलं. प्रल्हाद परतूरहून सकाळच्या गाडीनं यायचा, स्टेशनवर मी स्कूटर घेऊन उभा असायचो, आणि मग आमची वरात म्हाताऱ्यांच्या शोधात निघायची. जांब समर्थला एक जुने पंच मुलाकडे राहायला गेले आहेत असं कळलं तेव्हा एवढ्या लांब स्कूटरवर गेलो. मला पाठीचं दुखणं, रक्तदाब, शिवाय रस्त्यात पंक्चर झालं तर काय ही काळजी... मी सगळा रस्ताभर कुरकुरत होतो. तिथं पोचलो तर त्या पंचांना आता काहीच आठवत नव्हतं. प्रल्हाद त्यांच्याजवळ तासभर बसला आणि त्यांनी शिट्टी वाजवल्यासारखं तोंड केलं तेवढं बघून खूष होऊन उठला. परतताना मी चिडून म्हणालो, "एवढ्या लांबून येऊन काय मिळालं तुला?" तो म्हणाला, "त्यायला न्हाई आठवत हे तर कळलं ना. न आठवणाऱ्याची साक्ष लिहून घेतली असती तर पाप लागलं असतं." हे बोलणं त्यानं सहज केलं होतं. मी मात्र घरी येईपर्यंत स्कूटर गप्प चालवली.

कारण मला माहीत होतं की एक पान तो मुद्दाम मागं ठेवतो आहे. बिजली क्लबानं मोंढा कप एकदाच जिंकला. त्या फायनलचा एकमेव गोल कुणी मारला हे परतूरमधल्या कुणालाही विचारा, सुभाष कदम असं उत्तर येईल. लाउडस्पीकरवर तेच नाव पुकारलं गेलं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींत तेच छापून आलं. आणि ते नाव खोटं आहे. तो गोल प्रल्हादनं मारला. स्वतःच्या गोलाबद्दल स्वतःच्या वहीत त्याला त्याच्याच नियमानं एक अक्षर लिहिता येत नव्हतं. त्याला दोन साक्षीदार हवे होते.

शेवटचा तो माझ्याकडे आला तो जाण्याच्या तीन आठवडे आधी. सुमननं, माझ्या बायकोनं, धपाटे केले होते. खाऊन झाल्यावर तो गॅलरीत बसला, वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाला, "दत्ता, आपल्या फायनलचं पान राह्यलंय बघ. तुला काही आठवतंय का त्या गोलाचं?" सहा वर्षांत त्यानं पहिल्यांदा सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "आता कुठलं आठवायला रे... सगळं धूसर झालंय." त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. "बराबर हाय," तो म्हणाला, "आठवलं तर सांग. जल्दी न्हाई." मग पेनाचं टोपण लावलं आणि सुमनला धपाट्यांत काय घालतेस म्हणून विचारत बसला. न आठवणाऱ्याची साक्ष तो घेत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते उत्तर दिलं होतं.

आता काय झालं होतं ते सांगतो. त्या वर्षी कपाचा नियम असा होता की पहिल्या मॅचच्या आधी अठरा जणांची यादी चिटणीसानं सहीनिशी द्यायची, नंतर त्यात बदल नाही. सतरा नावं लिहून झाली. अठरावं नाव प्रल्हादचं हे सांगायला कुणा ज्योतिष्याची गरज नव्हती, डाव्या पायाचा तसा गडी आमच्यात दुसरा नव्हताच. पण त्या वर्षीचे बनियन सुभाषच्या चुलत्यांनी दिले होते, आणि देताना ते म्हणाले होते, आमच्या पोराचं नाव तेवढं बघा. मी बघितलं. प्रल्हादला सांगितलं की तू यायच्या आत यादी भरली. तो बरं म्हणाला. त्याचे वडील सखारामबाबा परतूरच्या मोंढ्यात हमाल होते, ते काय बनियन देणार होते? त्या अठरा नावांत आमच्या भावकीची नावं किती होती आणि त्याच्या वस्तीतली किती, हे आज मोजायला बसलं की मान वर करवत नाही. तेव्हा मोजायचं सुचलंसुद्धा नाही. आम्ही सगळे एका ताटात खाणारे दोस्त आहोत, अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही नशिबानं फायनलला पोचलो, आणि दोन दिवस आधी सुभाषच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. आणखी दोघं आधीच जायबंदी होते, उरलेल्यांत गोल मारू शकेल असा कुणी नव्हता. मी प्रल्हादकडे गेलो आणि म्हणालो, सुभाषच्या नावावर खेळशील का? आजही मला त्याच्या घरासमोरचं चिंचेचं झाड दिसतं. त्यानं फक्त विचारलं, "पकडलं तर?" मी म्हणालो, पकडलं तर क्लबावर बंदी, कपावरचं नाव खोडणार. पण जालन्यात तुला ओळखतंय कोण? तो तयार झाला. मोंढा कपात फायनलच्या आधी एक रिवाज होता. दोन्ही टीम मधल्या रेषेवर उभ्या करून पंच एकेकाचं नाव पुकारायचे आणि गड्यानं एक पाऊल पुढं येऊन हजर म्हणायचं. सुभाष कदम, असं पुकारल्यावर प्रल्हाद एक पाऊल पुढं आला आणि हजर म्हणाला. मी बाहेर उभा होतो. त्या दिवसापासून माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून पुरता गेलेला नाही. सुमन म्हणते, तुमच्या पोटात एक फुटबॉल राहिलाय, कुणीतरी त्यातली हवा काढायला पाहिजे.

समोर जालन्याची जुना बाजार टीम होती, आमच्यापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस. त्यांचा गोलकीपर हमीदभाई तर भिंत होती. कसाबसा आम्ही दम धरला. शेवटी शेवटी आम्हाला एक कॉर्नर मिळाला, चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून मागं आला आणि काळ्या कडक जमिनीवर एक टप्पा खाऊन वर उठला. प्रल्हादनं तो टप्प्यावरच डाव्या पायानं घेतला. त्यानंतर फक्त जाळी हललेली दिसली. सगळी टीम त्याच्या अंगावर पडली आणि लाउडस्पीकरवर आवाज आला, बिजली क्लबाचा गोल, गोल करणारे खेळाडू सुभाष कदम. त्या दिवशी सखारामबाबा मुलाचा खेळ बघायला आले होते. मोंढ्यातलं काम बुडवून, आमच्याच गाडीनं. आयुष्यात एवढी एकच मॅच त्यांनी पाहिली.

परतूर स्टेशनवर आमची गाडी आली तेव्हा सुभाष काठी टेकत, पायाला पट्टी बांधून आम्हाला घ्यायला उभा होता. ज्यांनी मॅच पाहिली नव्हती, त्यांनी नाव आधीच ऐकलं होतं, आणि पायाची पट्टी बघितल्यावर त्यांना आणखी पुरावा नको होता. वाघ गोल मारून पाय मोडून घेऊन आला म्हणत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. सुभाष नको नको म्हणत होता, पण काटा मोडला असं सांगितलं असतं तर सगळाच घोटाळा उघडा पडला असता. आम्ही मैदानावरच एकमेकांना शपथ घातली होती. वाजतगाजत मिरवणूक निघाली. चेंडूची जाळी खांद्याला लावून प्रल्हाद आणि त्याचे वडील मागच्या रस्त्यानं चालत घरी गेले. मी मिरवणुकीत पुढं होतो, कप माझ्या हातात होता. दोनदा मागं वळून बघितलं, मग वळायचं सोडून दिलं.

पुढं काही वर्षांत मोंढा कप बंद पडला. ज्यांनी शपथ घेतली होती ते एकेक करून गेले, शेवटी प्रल्हाद आणि मी एवढेच उरलो. प्रल्हादनं ह्या गोष्टीचा उल्लेख कधी, चेष्टेतसुद्धा, केला नाही. माझ्या लग्नात राबला, माझ्या आईच्या आजारपणात चार रात्री बसला, माझ्या मुलाला गणित शिकवलं. माणूस रागावत नाही तेव्हा त्याच्यापासून लपायला जागा उरत नाही. शाळेतल्या पोरांना तो स्वतःच्या पगारातून चेंडू आणायचा, आणि मॅच लावली की दर गोलानंतर शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा आणि गोल मारणाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट, मोठ्यानं पुकारायचा. हे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मायानं ती वही माझ्या हातात दिली. एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला असलेल्या काही पोरांनी मोंढा कप पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. त्यांनी व्यापाऱ्यांच्या कपाटातून जुना कप शोधून काढला, घासूनपुसून लख्ख केला. पहिल्याच दिवशी प्रल्हादचा इतिहास छापून वाटायचा आणि पहिला चेंडू सुभाष कदमांनी मारायचा, असं त्यांचं ठरलं. "काका, बाबा म्हणायचे की एक पान तुमच्याकडून पुरं व्हायचंय," माया म्हणाली, "तेवढं झालं की छापायला देते." मी वही घरी आणली आणि कपाटावर ठेवली. पाच आठवडे ती तिथंच होती. तिच्यात काय लिहिलं असेल ह्या विचारानं अन्न गोड लागेना. त्यानं सुभाषचं नाव लिहून टाकलं असेल का? मग मी सुटलो, आणि कायमचा बुडालो. की मी कसा दगा दिला ते लिहिलं असेल? एकदा स्टूल घेऊन वर चढलो आणि कपाटावरची धूळ पुसून खाली उतरलो. सुमन बघत होती. ती म्हणाली, "वही चावत नाही. तुम्हाला काय चावतंय ते बघा."

शेवटी आधी सुभाषकडे गेलो. म्हटलं ह्याचं काय म्हणणं आहे ते तरी ऐकू. तो परतूरलाच असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दारात खुर्ची टाकून बसला होता. मी कसंबसं विषयावर आलो. तो म्हणाला, "दत्ता, मी मारला असं मी आजपस्तोर एकदाबी म्हणलो न्हाई. लोकच म्हणून राह्यले, मी ऐकून राह्यलो." आतून त्याचा नातू फुटबॉल घेऊन आला, आजोबा पहिली किक उजव्यानं मारणार की डाव्यानं, असं त्यानं विचारलं. सुभाषनं त्याला आत पिटाळलं. "ह्याला काय सांगू सांग बरं? मेला तर मेला बिचारा परल्हाद, पर आता आपल्या क्लबाचं नाव कपावरून खोडतील ना ही पोरं. एकच तर कप हाय आपला." जाताना त्यानं माझा हात धरला. "तुला सांगायचं तर सांग. मी अडवायलो न्हाई. पर सांग असं माझ्या तोंडून वदवू नको." दोघं म्हातारे एकमेकांना घाबरून तिथं उभे होतो.

घरी आलो आणि बूट न काढता वही खाली घेतली. पान सापडायला वेळ लागला नाही, तिथं खूण होती. दोन्ही टीमची नावं, पंचांचं नाव, वाऱ्याची दिशा, पहिल्या अर्ध्यात चुकलेली संधी, सगळं त्याच्या त्या मास्तरी अक्षरात. आमच्या गड्यांत सुभाष कदम असंच होतं, कारण सही केलेल्या यादीत तेच होतं. त्याखाली, गोल करणारा, असं लिहून जागा कोरी. त्याखाली पहिला साक्षीदार, हमीदभाई, जुना बाजार, गोलकीपर. मला न सांगता प्रल्हाद एकटाच त्यांच्याकडे जाऊन आला होता. साक्ष त्यांच्याच बोलीत उतरवली होती. "मी त्याला बराबर ओळखत होतो. मागच्या साली परतूरला खेळायला गेल्तो तवा ह्यानंच माझ्यावर गोल मारल्ता. हजर म्हणला तवाच मला कळलं, हा सुभाष न्हाई, साळवे हाय. आमच्या कॅप्टनला मीच म्हणलो, तक्रार नको करू भाई. गोल बिलकुल साफ होता. असा गोल खाल्ल्यावर कागद काय दाखवायचा?" खाली सही. त्याच्या खाली दुसरा साक्षीदार, दत्तात्रय काकडे, चिटणीस, बिजली क्लब. आणि पुढं अर्धं पान कोरं.

मी दोन-तीनदा वाचलं. म्हणजे समोरच्यांना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. बंदीची भीती, नाव खोडण्याची भीती, ज्या भीतीच्या आड मी इतकी वर्षं बसलो होतो ती भीतीच पोकळ होती. मग मी भ्यालो कशाला होतो? हे मला ठाऊक होतं. फक्त ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचा अधिकार असलेला एकच माणूस ठरलेले प्रश्न घेऊन माझ्या गॅलरीत बसला होता, तेव्हा मी मला आठवत नाही म्हणालो होतो.

गेल्या रविवारी सकाळच्या गाडीनं परतूरला गेलो. प्रल्हादची खोली त्याच्या माघारी तशीच आहे, टेबल, त्यावर शिट्ट्यांचा डबा, भिंतीला टेकवलेला हवेचा पंप. माया त्याच्या खुर्चीत बसली आणि मी समोरच्या स्टुलावर, जिथं तो साक्षीदारांना बसवायचा. वहीच्या पहिल्या पानावरचे प्रश्न ती एकेक करून वाचायला लागली, अगदी त्याच्यासारखे, वर न बघता. गोल कुठल्या बाजूचा? मी म्हणालो, स्टेशनच्या बाजूचा. ऊन कुणाच्या डोळ्यात? आमच्या. पाय? डावा. ती लिहीत होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही कुठं उभे होते?"

कॉर्नरच्या झेंड्याजवळ, असं मी म्हणणार होतो. ते खोटंही नव्हतं. "तुझ्या आजोबांशेजारी," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. चेंडू जाळीत गेला तेव्हा सखारामबाबांनी दोन्ही हात वर केले. ज्या माणसाचा चढा आवाज मोंढ्यात कुणी ऐकला नव्हता तो माणूस सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "परल्हाद! माझा परल्हाद!" आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. हाताला त्यांच्या दाढीचे खुंट लागले, त्यांचा गरम श्वास लागला. मी म्हणालो, "बाबा, नाव घेऊ नका, गोल जाईल." त्यांनी माझा हात झिडकारला नाही. मी काढेपर्यंत थांबले आणि हळूच विचारलं, "मंग कधी घिऊ नाव?" मी म्हणालो, "मॅच संपल्यावर घ्या." त्यानंतर लाउडस्पीकरवर सुभाषचं नाव आलं. मॅच संपली तेव्हा मी कप घ्यायला पळालो. परतीच्या गाडीत ते समोरच्या बाकावर होते, मी खिडकीबाहेर बघत आलो. नंतर ते बरीच वर्षं होते, रस्त्यात भेटायचे, खुशाली विचारायचे. नावाचं कधी विचारलं नाही.

मायाचं पेन थांबलं होतं. "काका, हे पण लिहायचं का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, लिही, साक्षीदार कुठं उभा होता ते लिहायचं असतं. तिनं लिहिलं. मी सही केली. मग तिनं वही माझ्याकडे फिरवली आणि गोल करणारा ह्या शब्दांपुढची कोरी जागा बोटानं दाखवली. मी तिथं प्रल्हाद सखाराम साळवे असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं. कपावरचं नाव पोरांना खोडायचं असेल तर खोडावं, सुभाषला माझं तोंड बघायचं नसेल तर न बघावं, मला आता त्याची काळजी वाटते, पण ती दुसऱ्या जातीची काळजी आहे.

मायानं खुर्ची मागं सरकवली. "आता वाचून दाखवा," ती म्हणाली. मी वही उचलली. नावापाशी आलो. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मी मान वर केली. माया उभी राहिली होती, वही माझ्या हातातून घेतली नाही, डोळेही पुसले नाहीत.

"ऐकू न्हाई आलं, काका," ती म्हणाली. "मोठ्यानं घ्या."